लाईन गेल्यावर

सावरटेकला आमची चक्की होती, दहा हॉर्सपॉवरची.
चालू असली की शेजारच्याची शिंकही ऐकू यायची नाही.
बंद पडली की पट्टा दोन-चार फेरे उगाच फिरायचा,
उडालेलं पीठ अलगद भुवयांवर बसायचं
आणि रांगेतली एखादी डब्यावर टेकत म्हणायची,
"आता लाईन कवा येते त काय मालूम. आयका मंग."

चंद्रकलेची गोष्ट मी अशीच ऐकली,
तुकड्यातुकड्यानं, एका उन्हाळ्यात.
ती गाव सोडून गेली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

पहिल्यांदा सांगितली तिच्या सासूनं, गोपिकाबाई वाघाडेनं:
"पाटे पाचले निंगाली. शिलाई मशीन डोक्शावर.
माह्या पैशाची मशीन! चोट्टी."
बाप म्हणाला, "कोन्या वाटेनं?"
"नाल्याकडून. मोहाच्या झाडापासून."
"मोह उभा होता का तवा, का पडला होता?"
गोपिकाबाई थबकली.
बाप असंच विचारायचा, गहू चाळता चाळता.
मोह कोणत्या वादळात पडला ते साऱ्या गावाला ठाऊक,
म्हणजे एका झाडात जागाही कळायची, वेळही,
आणि सांगणारा खरंच तिथं होता का, तेही.
ती बोलायला तोंड उघडणार
तर लाईन आली.

मग आठवड्यानं शेषराव उईके:
"मी होतो ना फाट्यावर, दुधाची कॅन घेऊन.
कंडक्टर म्हने, मशीनचं हाफ तिकीट लागते.
बाई म्हने, मशीनचं फुल फाड, माह्यं हाफ."
रांग हसली.
तोवर मला नुसती मशीन दिसत होती, वाटेनं चाललेली.
आता तिच्याखाली एक बाई आली,
बारीक अंगाची, ओठ दाबलेली.
"मंग?"
"मंग काय, बस उमरेडच्या मोडीवर..."
लाईन आली.
शेषरावचं तोंड हलत राहिलं.
बाप त्याच्या ओठांकडं बघत राहिला
आणि ज्वारी डब्याबाहेर सांडली.

सुलका मडावी म्हणाली, सगळं खोटं.
"मशीन नाई न काई नाई. गाठोडं होतं.
मशीन त अजून गोपिकेच्या माळ्यावर हाये, उंदरं खाते."
त्यावरून जुंपली.
कोणी म्हणे माळ्यावर आहे ती दुसरी,
कोणी म्हणे गाठोडं नव्हतं, पोर होतं,
एकीनं दुसरीचा डबा लाथेनं सरकवला.
मी मोजत होतो किती दळणं उरलीत.
बापाला मात्र रात्री झोप आली नाही.
"गाठोडं," तो अंधारात म्हणाला. "गाठोड्यात काय असंन?"

चक्कीच्या पोटात आधीच्याचं मूठभर पीठ राहतंच.
गोपिकाबाईच्या गव्हात शेषरावची ज्वारी,
सुलकाच्या डाळीत दोघांचं.
कोणी कधी तक्रार केली नाही.
शेवटच्या गिऱ्हाइकाला बाप म्हणायचा,
"तुह्यात साऱ्यांचं हाये बाप्पा. घे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती आली.
हातात नवा स्टीलचा डबा, पाच किलो गहू,
केस कानामागं पांढरे.
कोणी नाव घेतलं नाही, पण रांग वाकडी झाली.
गोपिकाबाई भिंतीकडं तोंड करून उभी.
चक्की धडधडत होती.
उन्हाळाभर पळून जाणारी लाईन
त्या दिवशी मेली हलायला तयार नाही.

बापानं तिचा गहू वर ओतला नाही.
हात पुसले, बोर्डापाशी गेला,
आणि खटका खाली ओढला.

पट्टा दोन-चार फेरे उगाच फिरला.
पीठ खाली बसलं.
"लाईन गेली," बाप म्हणाला.

डोक्यावर बल्ब जळत होता.

तिनं बल्बकडं पाहिलं, मग बापाकडं,
मग भिंतीकडं तोंड केलेल्या त्या पाठीकडं.
सावकाश डब्यावर टेकली.
पदरानं भुवया पुसल्या.

"मोह तवा उभा होता," ती म्हणाली.