जवळजवळ

गोदीच्या कचेरीत तीस वर्षं मी भरतीचे तक्ते लिहिले.
अपोलो बंदर, पहाटे चार त्रेपन्न, चार मीटर दहा.
पाणी यायचं. लिहिल्या वेळेला यायचं.

घरी ही, माहीमच्या दोन खोल्यांत,
शिवणयंत्राच्या पाटावर पाठकोरे कागद घेऊन.
कागद माझेच, गेल्या सालचे.
एका अंगाला ओसरलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला हिचं काम.

लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात म्हणाली,
आकडा घ्या कुठलाही.
सम असला तर निम्मा करा,
विषम असला तर तिप्पट करून वर एक मिळवा.
असंच करत राहा. शेवटी एकावर येतो.
का येतो, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

मी सत्तावीस घेतला, माझं वय.
तो मेला चढतच गेला,
नऊ हजारांच्या वर जाऊन आला,
एकशे अकराव्या पायरीला टेकला.
तोवर दूधवाला बाटल्या ठेवून गेला होता.

पुढे कॉलेज, पेपरांचे गठ्ठे, सासूचं आजारपण,
आणि रात्री दहानंतर ते.
शेजारच्या तळपदेवहिनी विचारत, 'सुटलं का हो?'
अडलेल्या बाळंतिणीची चौकशी करावी
तशा आवाजात.

एका मे महिन्यात म्हणाली, 'झालं असावं.'
एक्केचाळीस पानं.
मी न विचारता हलव्याचा पुडा आणला.
नऊ दिवस ती वाचून दाखवत होती,
मी मान डोलावत होतो, कळत काहीच नव्हतं.
दहाव्या सकाळी तेविसाव्या पानावर बोट ठेवलं तिनं:
'इथे मी जवळजवळ सगळे म्हटलंय.
खालच्या ओळीत नुसतं सगळे.'

जवळजवळ म्हणजे राहिले किती?

'एकही नसेल,' म्हणाली. 'नाहीतर अगणित असतील.'
मग पुडा सोडला, मोठी वडी मला दिली.
त्या कागदांना आता कोरी बाजू नव्हती.

आता दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत.
आकडे बोराएवढे लिहिते, कागद लवकर संपतात.
संध्याकाळी रेतीबंदरावर बसतो.
मी म्हणतो, सहा बारा. इथवर येईल, या दगडापर्यंत.
येतं.
ती म्हणते,
'हे उदाहरण झालं, धुरू. सिद्धता नव्हे.'

आणि चपला उचलून
दोन दगड मागे ठेवते.