एकच कडं

मध्यरात्री ट्रकमधून उतरली जमीन.
निळ्या-केशरी चौकोनी फरश्या,
पोरांनी टाचेनं ठोकून एकीत एक बसवल्या
उलानबातरच्या मोठ्या चौकात.
उजाडेपर्यंत अर्धं मैदान तयार.
अर्धंच.
मी विचारलं, उरलेलं कधी येणार?
पोरं हसली. त्सेवेल मावशी, एवढंच असतं.

माझं काम ओल पुसायचं.
गळ्यात ओळखपत्र, हातात टॉवेल,
गुडघ्यांना उंटाच्या लोकरीच्या पट्ट्या.
एकतीस वर्षं वीजकेंद्रात राख झाडली,
आता देशोदेशीच्या पोरींचा घाम.
घाम बरा.
राखेला कुठं आठवतं, ती कशाची होती ते.

तीन इकडच्या, तीन तिकडच्या,
एकेक खुर्चीवर, पाय हलवत.
काय करायचं ते सांगायला काठाशी मास्तर नाही,
नियमच तसा.
दहा मिनिटं, नाहीतर एकवीस गुण, आधी जे होईल ते.
चेंडू हातात आला की बारा सेकंद.
तेवढ्यात माझं चहातलं मीठसुद्धा विरघळत नाही.

आणि कडं एकच.
हे मला दुपारपर्यंत उमगलं नव्हतं.
आपलं वेगळं, त्यांचं वेगळं असं काही नाहीच.
दोघींनी टाकायचं त्यातच,
दोघींनी राखायचंही तेच,
एका चुलीपाशी दोघी जावा असाव्यात तसं.
आणि पडला चेंडू, की जाळीखालून लगेच दुसरीचा.
मिरवायला वेळ नाही.
पळ रेषेबाहेर, वळ, ये परत.

आमची अंगारग.
मंगळवारी जन्मली म्हणून अंगारग.
बाप गोबीत उंट राखतो,
दोन दिवस जीपमध्ये हाडं मोजत आला
आणि बसला चुकीच्या जागी, फळ्याच्या मागं.
तिथून कडं दिसत नाही की चेंडू पडलेला दिसत नाही.
मी म्हटलं, अहो, तिकडं बसा, तिकिटाचे पैसे फुकट.
म्हणाला, इथून तिचं तोंड दिसतं.

समोर मादागास्करच्या.
त्यांच्यातली वोआहिराना, वेण्या घट्ट, बोटाला चिकटपट्टी,
जूनच्या उन्हात दातावर दात.
गर्दीतल्या कुणीतरी आपला देल टाकला होता तिच्या खांद्यांवर.
खेळायला उतरताना घडी घालून
तिनं तो माझ्याच हातात दिला,
तिच्या भाषेत काहीतरी बोलली.
मी माझ्या भाषेत म्हटलं, सांभाळते.

सतरा-सतरा. भोंगा वाजला.
आता जिचे दोन आधी, ती जिंकली.
तूल नदीकडून वारा सुटला होता,
झेंड्यांच्या दोऱ्या खांबांवर टणटण आपटत होत्या.
अंगारगनं रेषेबाहेरून उचलला.
तिथून पडला तर एकदम दोन, संपलंच.
चेंडू कड्यावर बसला,
एक फेरी फिरला,
जरा थांबलासुद्धा, खरंच सांगते,
आणि बाहेरच्या बाजूनं उतरला
चिकटपट्टीच्या बोटांत.
वोआहिराना धावत रेषेपार गेली,
वळली,
पाय टेकले न टेकले तोच सोडला.

जाळीचा आवाज मी ऐकला नाही.
बाकी चौक गप्प झाला, तो ऐकला.

अंगारग होती तिथंच बसली.
निळ्या फरशीवर, गुडघ्यांत डोकं घालून.
पुढच्या दोन देशांच्या पोरी कडेला चेंडू आपटत उभ्या,
पंच घड्याळाकडं बघतोय.
मी टॉवेल घेऊन गेले.
अशा वेळी काय बोलतात?
मी राख झाडलेली बाई.
म्हटलं, सरक गं, इथलं पुसायचंय.
ती वीतभर सरकली.
पुसलं.
परत थेंब पडला. परत पुसलं.
नाक ओढून म्हणाली, मावशी, राहू दे.
म्हटलं, राहू कसं देऊ, पुढची घसरेल ना.

वोआहिराना आली, काकडत.
घडी मोडून देल तिच्या अंगावर टाकला.
ती गेली नाही. उभी राहिली, बाह्या लोंबत.

फळ्यामागं बाप तसाच बसलेला.
आम्ही दोघी मध्ये आलो होतो,
म्हणून जरासा वाकून
बघत होता.