कोरपन्यातली टाकी

बाहेर सत्तेचाळीस.
टाकीत सत्तावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही.
लाईन गेली की मी बर्फाच्या बाटल्या मागत फिरतो,
ढवसांकडून दोन, किराणावाल्याकडून एक.
"काहून बापा, पाहुणे आले का?"
हो म्हणतो.

माझी सावली पडली
की शिंपला निळी किनार आत ओढून मिटतो.
पोवळ्याची बोटं मात्र हलत राहतात.

मीठ मोजून कालवतो, चुना थेंबाथेंबानं.
चुनखडीच्या खदानीत बाबांची तीस वर्षं गेली.
ते काचेपुढं उकिडवे बसतात.
वर्षाला बोटभर वाढतं, मी सांगतो.
"इतकं हळू बनते?
आमी त दिवसाले डोंगर फोडत होतो."

रात्री लाईन येते. पंप घुरघुरतो.
शिंपला उघडला का बघायला
बाबाच आधी उठलेले,
टॉर्चवर दुपट्टा गुंडाळून.