अंगठा

हेंडर दगड आधी डोळ्यांनी बघत नसे.
अंगठा रुतवायचा.
रुतला तर खाण,
नाही तर नुसता डोंगर.

कॉर्नवॉलच्या आमच्या माळावर
ग्रॅनाइट दिसतो ग्रॅनाइटसारखाच,
तेच दाणे, तेच अभ्रकाचे खवले,
हातात मात्र येतो ओल्या पावासारखा.
आत पाणी मुरलंय.
हे आभाळातलं नव्हे
(पावसानंही नंतर हात मारून घेतला म्हणतात),
हे खालचं,
शिळा अजून नीट निवली नव्हती तेव्हाचं,
भेगाभेगांतून वर चढलेलं, कढत, आंबट.
घाई कुणालाच नव्हती.
फेल्डस्पारच्या एकेका स्फटिकाची समजूत घालत गेलं.
स्फटिक जागचे हलले नाहीत,
फक्त दगडपण सोडलं त्यांनी.

चाळीस वर्षं हेंडर नळीवर उभा.
झोत मारला की कडा दुधासारखा ओघळे,
वाळू मागे बसे, माती पुढे जाई,
पुढे म्हणजे बंदर, जहाज,
कुणाकुणाच्या कपबश्या, गुळगुळीत कागद, औषधाच्या गोळ्या.
त्याच्या विजारी पिळताना
पसाभर टेकडी रोज माझ्या हातून वाहून गेली.

जिथे चढ होता तिथे आता हिरवं तळं,
गाई चरायच्या त्या सपाटीवर
टाकलेल्या वाळूची पांढरी शिखरं.
लव्हडेनं शाळेत गावाचा नकाशा काढला,
बाईंनी फुली मारली.
बाईंचा नकाशा तीन वर्षं जुना होता.

चर्चमागचा काळा सुळका तेवढा तसाच.
मला वाटायचं, त्याला पाणी शिवलंच नसेल.
फार उशिरा कळलं, शिवलं होतं,
ह्याच्याही आधी, ह्याहून तापलेलं,
आणि त्यानं तिथे टूर्मलीन विणलं,
काळं, सुईसुईनं, इतकं घट्ट
की हेंडरच्या बापानंही त्यावर पहार मोडली
आणि मग त्याच्याच सावलीत बसून भाकरी खाल्ली.

मार्चात हेंडर दवाखान्यात होता.
नर्सनं चहा दिला, जाड पांढऱ्या कपात.
त्यानं कानाला धरला नाही.
कडेवर अंगठा ठेवला, दाबला,
पुन्हा दाबला.
"हा गेला," म्हणाला,
"परत दगड झाला."
मी म्हटलं, गार होतोय, पी.