निर्माता

मामाचं नाव शेवटी यायचं,
सगळ्यांच्या मागून, खालून वर चढत:
रंगभूषा, ध्वनी, कपडेपट,
मग निर्माता हिरामण कापगते
आणि लगेच बातम्या.

यायचं म्हणतात.
पिंडकेपारात ते कोणी वाचलं नाही.
ग्रामपंचायतीचा टीव्ही लाकडी पेटीत, किल्ली कोतवालाकडे,
आणि दर शुक्रवारी नावं सुरू होता होता
साकोलीहून लाइन जायची.

मी कौलांवर असायचो, अँटेना धरून.
"अजून फिरव! हां, आता हालू नोको बे!"
मी तळ्याकडे तोंड करून उभा.
हसण्याचा गलका कौलांतून वर यायचा,
कानांआधी तळपायांना कळायचा.
मामा म्हणाला, माझंबी तेच.
काचेमागच्या खोलीत बसतो,
लोक हसतात ते दिसत नाही मले,
एक काटा हालते फक्त.

पंचवीस वर्षं नागपुरात.
नकलाकार, जादूगार,
पोटातून बोलणारा पवनीचा शिंपी,
कोंबड्याची बांग देणारे दोघे सख्खे भाऊ,
एरवी एकमेकांशी अबोला असलेले.
सगळ्यांना सत्तावीस मिनिटांत बसवलं त्याने.
साहेब म्हणायचे, हलकंफुलकं करा, कापगते.
तो घरी येऊन म्हणायचा,
हलकं कायचं! धानाचं पोतं बरं,
त्याले निदान धरायले कोपरे असतात.

टेपा कमी पडत.
निवृत्तीच्या महिन्यात त्याने कपाट उघडलं
तर शिंप्यावर तुडतुड्यांचा बंदोबस्त चढवलेला,
शेतकरी बांधवांसाठी, बावीस मिनिटं.
त्याच्यामागे शिंप्याची बाहुली तेवढी उरलेली,
हात जोडून, जबडा उघडा.
मामाने टेप परत ठेवली.
"त्या साली आपल्या बांधीत तुडतुडे नव्हते," म्हणाला.

आता दिवाळीनंतरच्या मंडईत
तो गमतीच्या पडद्यामागे उभा असतो.
मफलर, मनगटाच्या आत वळवलेलं घड्याळ.
पाच बोटं वर, एकेक मिटत जातं,
शेवटची दोन न बोलता.
मूठ झाली की पोरं आत घुसतात.
का ते कोणी विचारलं नाही,
पण तेव्हापासून कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही.

यंदा ऐन रंगात लाइन गेली.
कुणीतरी मागे उभा असलेला ट्रॅक्टर चालू केला
आणि उजेड मंचावर पडायचा तो
पडद्यावरून थेट माणसांवर पडला.
तणसाच्या ढिगावर बसलेल्या म्हाताऱ्या,
खांद्यांवरची लेकरं,
दात नसलेला पोलीसपाटील,
अंधारात झालेल्या विनोदावर अजून हसत होते.

मामा फटीतून बघत राहिला.
पाचही बोटं उघडी, हवेत.

विंगेत दुर्योधन नेवारे,
दिवसा सायकलींचे पंक्चर काढणारा,
लुगड्याचा काष्टा आवरत, लाली ओठांबाहेर गेलेली,
घड्याळाकडे बघतो, बोटांकडे बघतो.
"बाप्पा," हळूच म्हणतो,
"जाऊ का मी?"