दुरुस्ती

पान तीन, खाली डावीकडे,
मीच छापलं होतं : ऑर्लीन टिब्ज गेल्या.
साल ब्याण्णव.
बातमी डेट्रॉईटच्या एका पत्रातून आलेली,
पत्रवाल्याला रेकॉर्डच्या दुकानात कुणीतरी सांगितलेलं,
आणि त्या कुणीतरीला कुणी, ते देवालाच ठाऊक.
मी पट्टी धरून काळी चौकट आखली.
शाई फुटली म्हणून पुन्हा आखली.

अंक म्हणजे काय, तर दोन कागद आणि एक पिन.
बर्नलीच्या ग्रंथालयातल्या यंत्रावर काढलेल्या
दोनशे दहा प्रती.
शनिवारी नाच कुठल्या क्लबात,
फरशी लाकडी की सिमेंटची,
पहाटेची पहिली बस किती वाजता,
कुणाला कुठली तबकडी विकायचीय,
आणि शेवटी, कोण गेलं.
तेव्हा ‘कोण गेलं’ दोन ओळींत मावायचं.

त्या शनिवारी आम्ही तिची तबकडी लावली.
हिरवं लेबल, दोन मिनिटं छत्तीस सेकंद.
क्लिफर्ड शटलवर्थनं तिच्यासाठी
गिरणीतला तीन आठवड्यांचा पगार मोजला होता,
आणि गिरणी बंद पडली तरी ती विकली नव्हती.
फरशीवर टाल्कम भुरभुरली.
चाळिशीला टेकलेली पोरं आम्ही,
गिरक्या घेतल्या, मागे पडलो, हातावर उठलो,
घामानं शर्ट पिळून निघेपर्यंत
जिवंत बाईचं तेरावं घातलं.

एकतीस वर्षांनी फोन वाजला.
‘मी टोलेडोहून बोलतेय. टिब्ज.
तुम्ही मला मारलंत म्हणे.’
मी उभाच राहिलो. चहाचं आधण उतू गेलं.

ऑक्टोबरात ती आली, नातीचा दंड धरून.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेले हात.
गाणार नव्हती. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं,
आवाज उरला होता चाळणीतून पडणाऱ्या रव्यासारखा.
कोट न काढताच रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसली.
क्लिफर्डनं स्वतः सुई टेकवली.
आम्ही सुटलो, सत्तरीची गुडघेदुखी विसरून.

‘थांबा,’ ती म्हणाली.
कुणी ऐकलं नाही. नातीनं ओरडून सांगितलं.
‘इतकं जोरात कशाला नाचता?
हे रडण्याचं गाणं आहे.
माझा भाऊ गेला, त्या आठवड्यात म्हटलेलं.
ढोल जास्त झाले, ते त्या निर्मात्याच्या डोक्यातलं.’

पन्नास वर्षं.
शब्द आम्हाला तोंडपाठ होते.
अर्थ कुणाच्याही दारी गेला नव्हता.
डोरीन सटक्लिफ डब्यातली पावडर घट्ट धरून उभी,
जणू ती सांडली तर काहीतरी कबूल होईल.

ऑर्लीननं आमच्याकडे पाहिलं,
बसच्या आरशातून मागची बाकं पाहावीत तसं.
‘तसंच नाचा,’ म्हणाली. ‘रडायचं ते मी रडून घेतलंय.
पुन्हा लावा. आणि मला एक खारे शेंगदाणे.’

रात्री तिनं तो अंक मागितला.
चष्मा पुसला, स्वतःची चौकट वाचली.
माझंच पेन घेऊन त्यात लिहिलं :
जन्म मिसिसिपीत, टोलेडोत नव्हे.
भाऊ तीन नव्हे, चार.
‘गेल्या’ या शब्दाला मात्र हात लावला नाही.
‘असू दे,’ म्हणाली, ‘कधीतरी खरं होईलच.’
मग घडी घालून कागद पर्समध्ये टाकला.
माझ्याकडची ती शेवटची प्रत होती.

आता अंक निघतो साठ प्रतींचा.
‘कोण गेलं’ला दीड पान लागतं.
प्रत्येक नावासाठी मी घरी फोन करतो,
दोनदा. लोक रागावतात.

दुरुस्ती छापली आहे, पान एक, चौकटीशिवाय.
त्याखाली : येत्या शनिवारी, आठ वाजता.
फरशी लाकडी. पहाटेची बस बंद झाली आहे,
गाडीवाला कुणी ओळखीचा असेल तर बघा.