पाचव्या दिवशी

खराडीच्या सातव्या मजल्यावर, पहाटे साडेपाचला,
नाइट शिफ्टच्या शेवटच्या चहावर साय धरलेली,
तेव्हा माझ्या वाट्याला नव्वद सेकंद आले.
तिकडे मिलवॉकीत ग्रेगच्या तळघरात शनिवारची संध्याकाळ.
बारा संघ. अकरा जण पाळण्यापासून हे खेळत आलेले.
बारावी मी,
कारण तिमाहीच्या मीटिंगमध्ये मी नुसती हसले
आणि त्याचा अर्थ होकार लावला गेला.

आईला सांगितलं होतं, पिचर निवडायचेत.
"कुठल्या थेटरला?"
पिच्चर नाही गं. पिचर. चेंडू टाकणारा.
"बोलर म्हण की."
नाही, हात वाकवून टाकतो.
"मग फेकी आहे. आमच्या गल्लीत चालत नसे."

बिपीन घोटवडेकरनं कॅन्टीनच्या टिश्यूवर लिहून दिलेलं:
जिंकलेले सामने मोजू नकोस,
ते मागं उभ्या असलेल्यांचंही पुण्य असतं.
किती जणांना उभ्या उभ्या बाद केलं, ते बघ.
किती जणांना फुकट जाऊ दिलं, ते आधी बघ.
शेवटच्या डावात येऊन टाळ्या घेणाऱ्यांसाठी
पहिल्या फेऱ्या उधळू नकोस.
टिश्यूवर सांबार सांडलं. चौथा नियम गेला.

आणि मी काय केलं?
गेल्या साली वीस सामने जिंकलेला हॅलोरन उचलला,
दाढी बघून, म्हटलं तरी चालेल.
चॅटमध्ये मिलवॉकी हसली.
बिपीन शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसला,
पुण्यात कुणी चुकीच्या गल्लीत गाडी घातली
की मागचा बसतो तसा.
पदरी पडलं, पवित्र झालं.

मागच्या रविवारी कुंभारवाड्यात
आई माठ वाजवत होती.
बोटाचं पेर, मग कान. पेर, कान.
एक, दोन, सात.
"ताई, सगळे एकाच भट्टीतले आहेत," तो म्हणाला.
"म्हणूनच वाजवतेय."
मी उन्हात पिशवी धरून, फोनवर सरासऱ्या वाचत.
घेतला तो तिनं, तो दिसायला काही नव्हता,
पोटावर भट्टीचा काळा डाग.
पहिल्या रात्री सगळ्या ओट्यावर पाणी.
मी म्हटलं, गळतोय, परत देऊ.
"पाझरतोय," ती म्हणाली, "न पाझरणारा गार काय करणार?
तू पण ना, माठच."

अकरावी फेरी. यादीत तळाशी
ऑगस्तो पेरेया, वय चौतीस.
कोपरात मनगटाची शीर काढून शिवलेली,
दीड वर्ष मैदानाबाहेर.
परतल्यावर नऊच सामने,
पण फुकट जाऊ दिलेले: आठ.
नऊ सामन्यांत आठ.
बिपीन म्हणाला, शिवलेला हात आहे, नको.
सेकंद उरले चौदा.
मी स्क्रीनवर बोटाचं पेर आपटलं.
काच. काही वाजलं नाही.
घेतला.

हॅलोरनचं काय झालं ते विचारू नका.
मे महिन्यात त्याला बाकावर बसवला,
दाढीसकट.

पेरेया दर पाचव्या दिवशी येतो,
आमच्या पहाटे साडेचारला.
चार दिवस तो काय करतो, मला माहीत नाही,
कोपर बर्फात ठेवत असेल, छताकडे बघत असेल.
आज पायऱ्यांवर फोन धरून उभी आहे,
खाली कॅब, काचा धुक्यानं भरलेल्या.
तीन जण तळांवर, दोन बाद,
आणि तो टोपी काढून कपाळ पुसतोय,
घाईच नाही.

"मॅडम, निघायचं?"
थांबा हो काका.
"कुणी यायचंय का अजून?"
नाही. कुणाला तरी जाऊ द्यायचं नाहीये.